रात्री ठेवणार कुठं?

आमच्या दुकानात कुणी नव्या गाडीचे पेढे घेऊन आला, की अण्णा पेढा हातात घ्यायच्या आधी एकच विचारायचे, "रात्री ठेवणार कुठं?" किंमत विचारायचे नाहीत, कंपनी नाही, ॲव्हरेजही नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं बॅटरी चार्जिंगचं आणि मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे माळवदाचा वाडा. अण्णांनी ते पन्नासच्या दशकात सुरू केलं आणि त्यांच्यामागे मी चालवलं. आता वय ६७. दुकानाला कुलूप आहे, पण चार्जिंगचा फळा अजून भिंतीवर आहे आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं.

गेल्या दसऱ्याला पुतण्या आपट्याची पानं द्यायला आला. त्याचा टॉवेलचा धंदा आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग आहेत. म्हणाला, "काका, मोठी गाडी घ्यायची म्हणतोय. हायब्रिड. पण साधी नको, घरच्या प्लगला लावता येईल अशी. पेट्रोलवर पण चालेल, करंटवर पण. असली गाडी कुणाकडंच दिसेना ओ आपल्या गावात." माझ्या तोंडून अण्णांचाच प्रश्न निघाला.

त्या दिवसापासून मनात घोळतंय ते इथे लिहितो. दोन ताकदींवर चालणारं वाहन आमच्या पेठेला नवं नाही. चार पिढ्या आम्ही तेच हाताळत आलो. एक आटलं की दुसरं हाताशी असावं, ही दुष्काळी मुलखातल्या माणसाची जुनी सवय आहे, आणि ती गाड्यांतही उतरली. नवं आहे ते भिंतीशी असलेलं नातं. या गाडीला रात्री स्वतःची भिंत लागते.

सगळ्यात जुनी गोष्ट आजोबांची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, पेट्रोलवर रेशन आलं. तेव्हा देशभर सर्व्हिस मोटारींच्या मागे लोखंडी पिंप बसवलं गेलं. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, अर्धवट जळू द्यायचा, निघालेला गॅस गाळून इंजिनात सोडायचा. तुळजापूरच्या मोटारीवर आजोबा काही महिने क्लीनर होते. पहाटे उठून पिंपाचा पंखा हाताने फिरवायचा, निखारा धरला की आधी कुपनावरच्या थेंबभर पेट्रोलवर इंजिन चालू करायचं, आणि ते लयीत आलं की दांडी ओढून गॅसवर न्यायचं. गॅसवर जोर बराच कमी. तुळजापूरच्या घाटात बायका-मुलं सोडून सगळे खाली उतरून चालायचे. आजोबांच्या डाव्या मनगटावर त्या पिंपाचा डाग शेवटपर्यंत होता. एक इंधन चालू करायला आणि दुसरं ओढायला, हे गणित आमच्या घरात असं भाजून घेऊन आलं.

सोलापुरात जन्मलेला एक माणूस त्याच वर्षांत देशात मोटारीचा कारखाना काढायला निघाला होता. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२. घर सावकारी आणि व्यापाराचं, पण हे गेले रेल्वेच्या कंत्राटात. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांची सुरुवात झाली. विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली होती, ती वालचंदांनी उचलली. अमेरिकेत जाऊन त्यांनी फोर्डशी बोलणी केली, ती जुळली नाहीत. क्रायस्लरशी जुळली. इंग्रज सरकारने मात्र, युद्धाला याची गरज नाही म्हणत, हात आखडता घेतला. तरी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडल्या. पुढे तिथेच फियाट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं.

वालचंदांच्या नावाची कॉलेजं सोलापुरात आहेत, पण गावाने देशाला मोटारीचा कारखाना काढणारा माणूस दिला, हे आमच्या मुलांना कुणी ठासून सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. मला त्यांच्या गाडीचं उत्तरायुष्य जास्त जवळचं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या म्हणजे हीच पद्मिनी, आणि प्रदूषणाच्या खटल्यांनंतर तिच्या डिकीत सीएनजीची टाकी आली. चालू करायला पेट्रोल, ओढायला गॅस. म्हणजे आजोबांच्या पिंपाचंच गणित. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी मी फळ्यासमोर उदबत्ती लावली होती.

आता अण्णांच्या फळ्याबद्दल. तेव्हा खेड्यांत वीज नव्हती. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून लोक सहा व्होल्टची बॅटरी पोत्यात गुंडाळून एसटीने आणायचे, कारण गावातला एकुलता रेडिओ तिच्यावर चालायचा. अण्णांकडे टंगार रेक्टिफायर होता. दुधाच्या तपेलीएवढा काचेचा बल्ब, तो चालू झाला की आतून जांभळट उजेड पडायचा. रात्रभर तो दुकानात जळत असायचा आणि आम्ही भावंडं मागच्या पडवीत त्या उजेडात झोपायचो. ओळीने मांडलेल्या बॅटऱ्यांची बुचं उघडी, आत बारीक बुडबुडे, खोलीत तेजाबाचा आंबट वास. पहाटे अण्णा काचेची पिचकारी प्रत्येक घरात बुडवून ग्रॅव्हिटी बघायचे. आतली तरंगणारी कांडी १२५० ला आली की बॅटरी भरली. खडूने बॅटरीवर बरोबरची खूण करायची आणि गिऱ्हाइकाचं गाव लिहायचं. तेजाबाने माझ्या शाळेच्या सदऱ्याला भोकं पडलेली असायची, आणि आईने ती एकेक करून रफू केलेली.

म्हणून आज कुणी 'गाडी रात्री चार्जिंगला लावायची' म्हणतं, तेव्हा मला ते नव्या जगातलं वाक्य वाटत नाही. माझं बालपण त्यातच गेलं. फरक इतकाच, की तेव्हा बॅटरी उचलून भिंतीपाशी आणता यायची.

लुनाचं तर काय सांगावं. फिरोदियांनी पुण्यात १९७२ साली ती काढली आणि काही वर्षांत पेठेतल्या दर दोन घरांआड एक झाली. पन्नास सीसीचं इंजिन आणि सायकलसारखे पायडल. स्टँडवर उभी करून दोन-चार पायडल मारायचे, इंजिन धरलं की निघायचं. चढ आला, मागे तांदळाचं पोतं असलं, की चालता चालता पायडलनेही हात द्यायचा. पेट्रोल संपलं तर सायकल करून घरी यायचं. मागवाल्यांच्या मोटरी जळाल्या की अण्णा रिवाइंड केलेली मोटर लुनाच्या पायरीवर ठेवून साखर पेठेत पोचवायचे, आणि बाळीवेशीच्या चढाला पायडल मारताना त्यांची मान पुढे झुकलेली मला अजून दिसते. इंजिन आणि दुसरी ताकद एकाच चाकाला एकाच वेळी जोर देतात, याला आज इंजिनिअर 'पॅरलल हायब्रिड' म्हणतात. आमच्याकडे दुसरी ताकद म्हणजे अण्णांचे पाय.

आणि लुना ठेवायला देवडी पुरायची. आमच्या पेठेत वाहनांचा इतिहास हा जागेचा इतिहास आहे. टांगेवाल्याचा घोडा त्याच्या घरालगत बांधलेला असे. सायकल बोळातल्या खुंटीला टेकायची. लुना उंबऱ्यावर फळी टाकून देवडीत चढायची. चारचाकी आली आणि पहिल्यांदा वाहन घराबाहेर राहायला लागलं. वाडे बांधले तेव्हा दाराच्या रुंदीचा विचार माणूस, पालखी आणि फार तर म्हैस एवढाच होता. आमच्या गल्लीत पहिली फियाट आली तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, आणि मालक रात्री दोनदा कंदील घेऊन बघून यायचे. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की जुन्या गावातल्या गाड्या आहेत तिथेच थांबतात. त्यात कुणाला अडचण वाटत नाही, त्यांचा मान मोठा.

नव्वदच्या दशकात पेठेत ओम्नी आली, आणि तिच्यामागे घरगुती गॅसचा लाल सिलिंडर. हे बेकायदा होतं आणि धोक्याचंही, तरी गावोगाव चालायचं. वायरिंगचं काम माझ्याकडे यायचं. डॅशबोर्डखाली तीन घरांचं बटण असायचं: पेट्रोल, बंद, गॅस. पेट्रोलवरून गॅसवर जाताना आधी मधल्या घरात ठेवायचं, कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जळून इंजिन आचके द्यायला लागलं की गॅस सोडायचा. तो आचका ओळखणं हीच सगळी कला. एकदा एका गिऱ्हाइकाच्या गाडीत जोडणीतून गॅस गळत होता, आणि मी वासावरून ओळखून आत बसलेल्या दोन पोरांना ओढून बाहेर काढलं. त्या दिवसापासून लाल सिलिंडरच्या गाडीला मी हात लावला नाही. २००० साली कायदा बदलला, तपासलेली टाकी आणि तपासलेलं किट आलं, आरसी बुकावर नोंद व्हायला लागली, तेव्हा कुठे मला झोप लागली.

हे सगळं सांगायचं कारण, प्लगवाली हायब्रिड या घराण्यातलीच आहे. व्हिएन्नात फर्डिनंड पोर्शने १९०० च्या सुमारास पेट्रोल इंजिनाने वीज तयार करून चाकातल्या मोटरी फिरवणारी गाडी बनवली होती. पुढे बराच काळ पेट्रोल स्वस्त होतं, म्हणून तिची कुणाला फारशी गरज वाटली नाही. जपानात १९९७ साली प्रियस आली, पण तिला प्लग नव्हता. चीनच्या बीवायडीने २००८ साली प्लगवाली गाडी बाजारात आणली, आणि २०१३ साली मित्सुबिशीची आउटलँडर आली, प्लगवाल्या एसयूव्हींतली पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली. बारा युनिटची बॅटरी, पुढच्या चाकांना एक मोटर, मागच्यांना एक, आणि वर दोन लिटरचं पेट्रोल इंजिन.

आपल्या पुण्यातही हा विचार तेव्हाच झाला होता. २०१० साली केपीआयटीने भारत फोर्जच्या साथीने 'रेव्होलो' जाहीर केलं. नवी गाडी घ्यायची गरज नाही, असलेल्याच गाडीत इंजिनाला हात देणारी मोटर आणि मागे बॅटरी बसवायची, रात्री घरच्या प्लगवर भरायची. ती बातमी मी कापून फळ्याला टाचली होती. मला वाटलं, आता हे काम आमच्यासारख्या दुकानांत येणार. असं किट बसवण्याचे सरकारी नियम २०१६ साली आले. तोवर बराच उशीर झाला होता, आणि रेव्होलो रस्त्यावर रुजलं नाही. ते रुजलं असतं तर गावोगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताला नवं काम मिळालं असतं, असं मला आजही मनापासून वाटतं.

प्लगवाल्या गाडीसोबत राहून बघायची संधी मला मिळाली ती इंग्लंडमध्ये. मुलगी-जावई रेडिंगला असतात. २०१९ च्या हिवाळ्यात मी पाच महिने तिथे होतो. त्यांनी तीन वर्षं वापरलेली प्लगवाली एसयूव्ही घेतली होती, आधी कुठल्याशा ऑफिसच्या नावावर असलेली. पहिल्याच दिवशी मी डिकीचा तळ उचलून बघितला. चार्जिंगची वायर पिशवीत होती आणि त्या पिशवीचं सील आमच्या मुलीने फोडलं होतं. आधीच्या तीन वर्षांत ती वायर एकदाही बाहेर निघाली नव्हती. सरकारने सवलत दिली, म्हणून ऑफिसने गाडी घेतली आणि माणसाने ती पेट्रोलवरच पळवली. मला फार वाईट वाटलं. दीड-दोनशे किलोची बॅटरी विनाकारण वाहून न्यायची, म्हणजे चालू विहिरीवर झाकण ठेवून टँकर मागवणं. युरोपीय आयोगाने २०२४ साली २०२१ च्या गाड्यांचे खरे आकडे तपासले, तेव्हा अशा गाड्यांचा धूर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. मुख्य कारण हेच, लोक पुरेसं प्लगला लावत नाहीत.

पण मुलीचंही पहिलं वर्ष तसंच गेलं होतं. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गाडी रस्त्याकडेला. फुटपाथवरून वायर टाकायची परवानगी नाही. पुढे त्यांनी घर बदललं ते बऱ्याच अंशी या गाडीपायी. नव्या घरापुढे एका गाडीपुरती फरशी आणि भिंतीत तीन पिनांचं सॉकेट. मग माझं रोजचं काम ठरलं. रात्री जेवणं झाली की स्वेटर घालून बाहेर जायचं, झाकण उघडायचं, प्लग आत ढकलायचा. खट् आवाज आला आणि हिरवा दिवा लुकलुकला की आत यायचं. पाच तासांत बॅटरी भरायची. सकाळी मुलगी दवाखान्यात आणि नात शाळेत, बावीस किलोमीटर, इंजिन सुरूच व्हायचं नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र बॅटरीचा पल्ला चाळिसावरून अठ्ठावीसवर यायचा, आणि आत हीटर लावला की इंजिन मध्येच जागं व्हायचं. सुट्टीत वेल्सला गेलो तेव्हा पहिल्या तासात बॅटरी संपली आणि पुढे साडेतीनशे किलोमीटर ती मुकाट्याने पेट्रोलवर चालली. डोंगर उतरताना मोटरी उलट्या जनरेटर होऊन थोडी बॅटरी परत भरायची. तुळजापूरच्या घाटात ब्रेकचे लायनर तापून वास येतो, ती सगळी ताकद हवेत जाते. इथे ती आकड्यात दिसत होती. तो आकडा चढताना बघून मला अण्णांची ग्रॅव्हिटीची कांडी आठवली.

मग पुतण्याचा हिशोब मांडला. पेठ ते एमआयडीसी, मध्ये बँक आणि बाजार, दिवसाला पंचवीस किलोमीटरच्या आत. महिन्यातून दोनदा पुणे, अडीचशे किलोमीटर. अशा माणसासाठीच ही गाडी आहे. रोजच्या पंचवीस किलोमीटरला साधारण पाच युनिट लागतील, युनिट दहा रुपयांनी धरला तरी पन्नास रुपये. तेवढंच अंतर पंधराच्या ॲव्हरेजने पेट्रोलवर गेलं, तर शंभरीपारच्या भावात पावणेदोनशेच्या आसपास. उन्हाळ्याची काळजी वेगळी. आमच्याकडे पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा साध्या बॅटरीत दर पंधरवड्याला डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं. लिथियमलाही उष्णता सोसत नाही, म्हणून ती सावलीत उभी राहिली पाहिजे.

करंट कुठून येतो तेही मी त्याला सांगितलं. फताटेवाडीला एनटीपीसीचं केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच, १३२० मेगावॉट, सगळं कोळशावर. आजोबांचा कोळसा गाडीच्या पाठीवर जळायचा, आता दक्षिण सोलापूर तालुक्यात जळतो. पण कोळशाची वीज आता एकटी नाही. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला चालू झाली, आणि दक्षिणेची वीज उरलेल्या देशाच्या विजेला जोडली गेली. तारेत वारा आणि ऊनही मिसळतं. आमच्या गावातून देशाची वीज एक झाली, याचा मला अभिमान आहे.

अडचण किमतीची आणि कायद्याची. भारतात २०१६ साली व्होल्वोची प्लगवाली एसयूव्ही आली ती सव्वा कोटीला. मोठ्या हायब्रिडवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० आहे. निव्वळ बॅटरीच्या गाडीला ५. जी गाडी महिन्यातले पंचवीस दिवस पेट्रोलचा थेंब जाळणार नाही, तिला पेट्रोलच्याच पंक्तीत बसवणं मला अन्याय वाटतं. पुतण्या म्हणाला, "वर्षा-दोन वर्षांत स्वस्तातली येतीलच की." येतील. म्हणून आम्ही आधी जागेचं बघायचं ठरवलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी तो टेप घेऊन आला. वाड्याचा दरवाजा, चौकट धरून, पाच फूट अकरा इंच. त्याच्या मनातल्या गाडीची रुंदी आरसे सोडून सहा फूट एक इंच. चौकटीचं सागवान त्याच्या पणजोबांनी लावलेलं, त्यावर गणपती कोरलेला. आम्ही दोघं बराच वेळ त्याला हात लावून उभे राहिलो. तोडायचं नाही, हे कुणी बोलून दाखवायची गरज पडली नाही.

मग गेलो पाठीमागच्या मोकळ्या प्लॉटवर. पेठेतल्या नऊ गाड्या तिथे महिन्याच्या भाड्याने उभ्या असतात. कोपऱ्यातली लिंबाखालची जागा सावलीची, जुनी भिंत पक्की. मी म्हटलं, इथे १५ अँपिअरचा पॉइंट, वेगळा एमसीबी, आणि भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा भरून, उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी. अर्थिंगशिवाय मी प्लग लावू देणार नाही. प्लॉटचे मालक ऐकत होते. सज्जन माणूस, अण्णांकडे त्यांच्या वडिलांच्या ट्रॅक्टरची बॅटरी यायची. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पॉइंट काढा की," ते म्हणाले. "पण मीटर कुणाच्या नावावर घ्यायचं?"

पुतण्याने टेप गुंडाळला. आम्ही वायरमनला सोमवारी बोलावलंय.